खोलीवर फक्त कणीक, बेसन आणि अंडी असतात, पोळ्या लाटता येत नाहीत. सकाळी झटपट नाश्त्याला काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय की नोकरीसाठी पुण्यात खोली घेतली आहे, एक शेगडी आणि एक तवा आहे, निघण्याआधी जेमतेम 20 मिनिटं मिळतात आणि सोबतचा मित्र अंडं खात नाही. एवढ्या सामानात रोज वेगळा नाश्ता होऊ शकतो.

माझी बायको नर्स आहे. तिची सकाळची पाळी 7 ला सुरू होते, म्हणजे 6 वाजता ती घराबाहेर. दोन मुलींचा शाळेआधीचा नाश्ता 11 वर्षं माझ्याकडे होता. सकाळी कणीक मळून पोळ्या लाटायला वेळ पुरायचा नाही, म्हणून मी लाटणं बाजूला ठेवलं आणि पीठ कालवून तव्यावर ओतायचं एवढंच करत गेलो. त्यातून जे कळलं ते सांगतो.

आधी अंडं पिठात काय करतं ते समजून घ्या, मग पाककृती पाठ करावी लागत नाही. अंड्याचा जवळपास तीन चतुर्थांश भाग पाणी असतो. म्हणून पिठात अंडं घातलं की ते पाण्यात मोजायचं. एक मध्यम अंडं म्हणजे साधारण तीन मोठे चमचे पातळ पदार्थ, तेवढं पाणी कमी घ्यायचं. बहुतेकांचं पीठ इथेच बिघडतं. पाणी नेहमीच्या अंदाजाने ओततात, वर अंडं फोडतात, आणि पीठ तव्यावर पसरून फाटतं. दुसरं म्हणजे 60 ते 70 अंशांच्या दरम्यान अंडं घट्ट होऊ लागतं आणि घट्ट होताना आजूबाजूचे पिठाचे कण धरून ठेवतं. गव्हात ग्लुटेन असल्यामुळे कणीक स्वतःच बऱ्यापैकी धरून राहते. ज्वारी, नाचणी, तांदूळ, बेसन यांत ते नसतं. म्हणजे अंड्याची खरी मदत या पिठांना होते. लोक अंडं फक्त मैद्यात आणि कणकेत घालतात, नाचणीत घालून बघत नाहीत, याचं मला फार वाटतं.

सुरुवात मात्र कणकेच्या धिरड्यापासूनच करा, कारण ते बिघडायला कठीण. माझी वाटी 150 मिलिलिटरची आहे, त्या मापाने सांगतो. एक वाटी कणीक, दोन अंडी, चवीपुरतं मीठ, पाव चमचा हळद, चिमूटभर ओवा हातावर चोळून, एक बारीक चिरलेला कांदा, एक हिरवी मिरची, मूठभर कोथिंबीर. पाणी साधारण एक वाटी. एकच अंडं असेल तर पाणी सव्वा वाटी. कणीक जुनी किंवा जाडसर दळलेली असेल तर आणखी दोन चमचे लागेल.

पाणी एकदम ओतू नका. आधी पिठात अंडी फोडून अगदी थोड्या पाण्यात घट्ट, भज्याच्या पिठासारखं कालवा. घट्ट पिठात चमच्याने गुठळ्या मोडता येतात, पातळ झाल्यावर त्या नुसत्या तरंगतात. गुठळ्या मोडल्या की उरलेलं पाणी घालून सरसरीत करा. पळीतून सलग धार पडली पाहिजे. कांदा-कोथिंबीर सगळ्यात शेवटी. मग भांड्यावर झाकण ठेवून आंघोळीला जा. ती 10 मिनिटं फुकट जात नाहीत. कणकेतला कोंडा तेवढ्या वेळात पाणी पितो आणि धिरडं मऊ होतं. परत आल्यावर पीठ घट्ट वाटलं तर दोन चमचे पाणी घाला.

तवा मध्यम आचेवर चांगला तापू द्या. पाण्याचा थेंब टाकला की चुर्र करून नाचला पाहिजे. मग अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर घासा. आमच्या मालवणकडच्या घरात हेच काम नारळाच्या शेंडीने करतात, पण खोलीवर कांदा बरा. गार तव्यावर अंड्याचं पीठ ओतलं की ते लोखंडाला धरून बसतं, आणि मग कितीही तेल सोडलं तरी सुटत नाही. पळीभर पीठ मधोमध ओता, पळीच्या पाठीने हलक्या हाताने बाहेर फिरवा, कडेने चार थेंब तेल सोडा. वरचा ओला रंग गेला आणि कडा आपोआप सुटल्या की उलटा. पहिली बाजू दीड-दोन मिनिटं, दुसरी एक. कडा सुटायच्या आधी उलथनं खुपसलं की धिरडं तुटतं. एवढ्या पिठात मध्यम आकाराची पाच होतात. दोन पोटभर, उरलेली डब्यात. थंड झाल्यावरही चिवट होत नाहीत. सोबत लसणाची चटणी किंवा दही पुरे.

आता मित्राचं. तो सोबत खाणार असेल तेव्हा पीठ आधी अंड्याशिवाय, नुसत्या पाण्यात कालवा, त्याच्या वाटणीचं वेगळ्या भांड्यात काढा, अंडं नंतर तुमच्या भांड्यात फोडा, आणि त्याची धिरडी आधी करून घ्या. त्याच्या पिठात पाणी थोडं जास्त लागेल आणि दोन चमचे बेसन घातलं तर खुसखुशीत होतील. जमलं तर त्याच्यासाठी वेगळा तवा आणि उलथनं घ्या. एकाच तव्यावर आधी आपलं अंडं आणि मग त्याचं धिरडं, हे त्याने चालवून घेतलं तरी त्याला कसं वाटतं हे तो कदाचित सांगणार नाही. आमच्या शेजारच्या आजी सोमवारी, गुरुवारी आणि शनिवारी आमच्याकडे चहासुद्धा घ्यायच्या नाहीत. आम्ही अंड्याची भांडी वेगळी केली तेव्हापासून घेऊ लागल्या.

कणकेचं जमलं की नाचणीकडे वळा. पाऊण वाटी नाचणीचं पीठ, पाव वाटी तांदळाचं पीठ, एक अंडं, मीठ, जिरं, आणि वाटीभर ताक. ताक आंबट असेल तर उत्तम. नाचणीचं नुसतं धिरडं उलटताना तुकडे होतात, कारण त्याला धरून ठेवणारं काही नसतं. अंडं घातलं की ते अख्खं उलटतं, आणि दुमडून डब्यात भरलं तरी मोडत नाही. हे पीठ खाली बसतं, म्हणून प्रत्येक पळी काढण्याआधी तळापासून ढवळा. नाहीतर पहिली दोन पाण्यासारखी आणि शेवटची दोन विटेसारखी होतील. आच थोडी मंद ठेवा आणि पहिल्या बाजूला झाकण घाला. 100 ग्रॅम नाचणीत 300 मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅल्शियम असतं, एका अंड्यात 6 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. दुपारपर्यंत भूक लागत नाही, हे माझ्या मुलींनी रोज सांगितलेलं. धाकटीला नाचणीचा रंग आवडायचा नाही, तिच्यासाठी मी त्यात किसलेलं गाजर घालायचो. ज्वारीचंही याच मापाने होतं, फक्त ज्वारीला पाणी किंचित जास्त लागतं आणि लसूण-मिरचीचा ठेचा पिठातच कालवला तर चव खुलते.

बेसनाबद्दल थोडं सावध. बेसन कच्चं राहिलं की घशाला लागतं, त्याला वेळ हवा. अंडं उलट पटकन शिजतं, आणि जास्त शिजलं की रबरासारखं होऊन गंधकाचा वास मारतं. दोघांना एकत्र आणायचं तर एकाने दुसऱ्याला सांभाळून घ्यावं लागतं. म्हणून बेसन कमी घ्या. दोन अंड्यांना तीन मोठे चमचे बेसन आणि चार चमचे पाणी, पातळ पसरायचं, मंद आचेवर झाकण ठेवून शिजवायचं. याला मी ऑम्लेटच म्हणतो. फरक एवढाच की दोन अंड्यांत दोन माणसं जेवतात. आपल्याकडच्या हॉटेलांत टोमॅटो ऑम्लेट म्हणून जे मिळतं त्यात अंडं नसतंच, बेसन आणि टोमॅटो असतो. तुमच्या मित्रासाठी तेच करा. टोमॅटो बारीक चिरून बेसनात घाला, थोडा रवा टाका. तुम्ही दोघं एकाच वेळी जवळपास एकच पदार्थ खाल.

ज्या दिवशी अजिबात वेळ नाही त्या दिवसासाठी पोळी-अंडं. आदल्या रात्री डब्यातली किंवा पोळीभाजी केंद्रातली एखादी पोळी शिल्लक ठेवा. एक अंडं मीठ, तिखट आणि कांदा घालून फेटा, तेल लावलेल्या तव्यावर पोळीएवढं पसरा, आणि अंडं वरून ओलं असतानाच पोळी त्यावर ठेवून फडक्याने दाबा. ओलं असताना, हे महत्त्वाचं. अंडं सुकलं की पोळी चिकटत नाही, खाताना दोन्ही वेगळी होतात. अर्ध्या मिनिटाने उलटा, पोळीची बाजू जराशी खरपूस करा, गुंडाळी करून हातात घ्या. 5 मिनिटं लागतात, आणि बसमध्ये खाता येतं. शिळी पोळी यासाठी ताजीपेक्षा चांगली, कारण ती ओल शोषून घेते.

घरून भाजणी आणली असेल तर तिच्या पिठात अंडं घालू नका, अशी माझी कळकळीची विनंती. भाजणीतली धान्यं आणि डाळी आधीच भाजलेल्या असतात, त्यांचा एक स्वतःचा खमंगपणा असतो. अंड्याने तो दबतो आणि थालीपीठ मऊ, ब्रेडसारखं होतं. थालीपीठ नेहमीसारखं थापा, आणि त्याच तव्यावर नंतर एक अंडं हाफ फ्राय करून वर ठेवा. बलक फुटून थालीपिठाच्या भोकांत शिरतो, ती चव वेगळीच.

रविवारी वेळ असतो तेव्हा गोड करा. आमच्याकडे सणाला घावणे आणि नारळाचा गोड रस असायचा. तांदळाच्या पातळ पिठाचे जाळीदार घावणे, अंड्याशिवाय. पुढे नोकरीनिमित्त मी 2 वर्षं गोव्यात म्हापशाला होतो. तिथे घरमालकीणबाईंनी पहिल्यांदा अले बेले खाऊ घातले, आणि मला घरचं काहीतरी सापडल्यासारखं झालं. नारळ तोच, गूळ तोच, फक्त घावण्याच्या जागी मैदा आणि अंड्याची पातळ पोळी. गोव्यात पोर्तुगीज 1510 पासून 1961 पर्यंत होते. त्यांच्याकडचा अंडं-मैद्याचा हात आणि किनाऱ्यावरचा नारळ यांतून असे पदार्थ उभे राहिले. बिबिंकही त्याच घरचा, पण तो थर लावून भाजायला कित्येक तास लागतात. अले बेले अर्ध्या तासात होतात.

एक वाटी मैदा, एक अंडं, चिमूटभर मीठ, सव्वा वाटी दूध. दूध कमी असेल तर अर्धं दूध, अर्धं पाणी. आधी घट्ट कालवून मग पातळ करायचं, वर सांगितलं तसंच, पण हे पीठ धिरड्यापेक्षा पातळ हवं आणि 20 मिनिटं मुरायला हवं. सारणासाठी एक वाटी ओलं खोबरं आणि अर्धी वाटी गूळ मंद आचेवर 4-5 मिनिटं परतायचं, वेलची घालायची. मोदकाच्या सारणाएवढं कोरडं करू नका, थोडं ओलसर राहू द्या. गोव्यात माडाचा काळा गूळ वापरतात, त्याला किंचित धुरकट चव असते. पुण्यात तो मिळाला नाही तर आपला साधा गूळ चालतो, कोल्हापुरी असेल तर छानच. तव्याला तेलाऐवजी तुपाचं बोट लावा, पळीभर पीठ ओतून तवाच उचलून गोल फिरवा म्हणजे पीठ कागदासारखं पसरेल. कडा सुटल्या की उलटा, अर्ध्या मिनिटात उतरवा. मधोमध दोन चमचे सारण, आणि गुंडाळी. मैद्याऐवजी कणीक घेतलीत तरी होतं, फक्त दोन चमचे दूध वाढवा.

मुलींना गोड जाड धिरडी आवडायची तीही सांगून टाकतो. एक पिकलेलं केळं कुस्करा, त्यात एक अंडं, एक वाटी कणीक, दोन चमचे गूळ, पाऊण वाटी ताक. अगदी शेवटी चिमूटभर खायचा सोडा घालून दोन-चार वेळाच ढवळा आणि लगेच तव्यावर छोटी छोटी घाला. सोडा आणि ताक भेटले की बुडबुडे लगेच सुरू होतात, म्हणून हे पीठ मुरत ठेवायचं नाही. फार घोटायचंही नाही, नाहीतर चिवट होतं.

अंड्यांची काळजी थोडक्यात. अंडं थेट पिठात न फोडता आधी वाटीत फोडा. एक खराब निघालं तर सगळं पीठ टाकावं लागतं. शंका असेल तर पाण्यात टाकून बघा. ताजं तळाशी आडवं पडतं, जुनं उभं राहतं, तरंगलं तर टाकून द्या. आणून लगेच धुऊन ठेवू नका, कवचावरचं संरक्षक आवरण जातं. वापरायच्या वेळी धुवा. अंडं घातलेलं पीठ उन्हाळ्यात तासाभरापेक्षा जास्त बाहेर ठेवू नका, आणि फ्रिज नसेल तर रात्री कालवून ठेवूच नका. रात्रीच तयारी करायची असेल तर कोरडं पीठ, मीठ, हळद, ओवा एका डब्यात मोजून ठेवा. सकाळी फक्त अंडं फोडायचं आणि पाणी घालायचं.

मोठी मुलगी आता बंगळुरूला शिकते, तिच्याकडे एक इंडक्शन आणि एक नॉनस्टिक तवा आहे. नॉनस्टिक असेल तर तेल नावापुरतं लावा, तेल जास्त झालं की पीठ पसरत नाही, सरकतं. तिचा परवा फोन आला होता, नाचणीत अंडं घालताना ताक किती ते विचारायला. तिला सांगितलं तेच तुम्हालाही. आधी पाऊण वाटी घाल, पळीतून धार बघ, तुटत असेल तरच उरलेलं ओत.