एप्रिलमधलं स्वस्त झांझिबार

प्रश्न : आम्ही नवरा-बायको नाशिकला नोकरी करतो. दोघांचे मिळून हातात १,२०,००० येतात. घराचा हप्ता ३८,०००, एसआयपी १५,०००, घरखर्च ४०,०००. अडीनडीसाठी ३ लाखांची एफडी आहे. येत्या एप्रिलमध्ये झांझिबारला सात रात्री राहून स्कुबाचा कोर्स करायचाय. दोघांचे ३ लाख. एजंट म्हणतो, ऑफर सोडू नका. एफडी मोडू की १४ टक्क्यांनी पर्सनल लोन घेऊ?

उत्तर : दोन्ही नको. जा जरूर, पण पुढच्या जानेवारीत.

ऑफर एवढी स्वस्त का, हे एजंटला विचारलंत का? मार्च ते मे तिकडे ‘मसिका’, म्हणजे मोठा पाऊस. पाणी गढूळ, बोटी कधी निघतात कधी नाही, काही हॉटेलं तर तेवढे दिवस कुलूपच लावतात. डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येचा ‘कास्काझी’ वाहतो (याच वाऱ्यावर कच्छची गलबतं तिकडे जायची) आणि दक्षिणेला माफिया बेटाजवळ देवमाशाएवढा व्हेल शार्क दिसायचेही हेच दिवस. पावसातल्या पाण्यासाठी कर्ज कशाला काढायचं?

कर्जाचा हिशोब सांगतो. ३ लाख, तीन वर्षं, १४ टक्के : हप्ता साधारण १०,२५०, व्याज ६९,००० च्या आसपास. एफडी मोडलीत, तर हप्ता आणि घरखर्च मिळून महिन्याला ७८,००० लागणाऱ्या घरात अडचणीला काहीच उरत नाही. आताही ती चार महिने पुरत नाही.

आता तुमच्याच आकड्यांची बेरीज करा. महिन्याला २७,००० उरायला हवेत. ते कुठे जातात हे तुम्ही लिहिलेलं नाही. मला वाटतं, तुम्हालाही नीट माहीत नाही. या महिन्यापासून २५,००० ची आरडी सुरू करा, पगाराच्या दुसऱ्या दिवशी कापली जाईल अशी. वर्षभरात ३ लाख आणि वर थोडं व्याज. सीझनला भाव चढे असतात, तिथे ते व्याज कामी येईल. एसआयपीला हात लावू नका.

तोवर तारकर्लीला एमटीडीसीच्या केंद्रात शिकून घ्या. पहिल्या पातळीच्या कोर्सला तीन-चार दिवस जातात; ते झांझिबारला घालवलेत तर सातातला अर्धा मुक्काम संपला. शिवाय पाण्याखाली कानांवरचा दाब ज्याला सोडवता येत नाही, त्याला ते कळायला मालवणचा समुद्र पुरेसा आहे.

पॅकेजमध्ये काय धरलंय तेही लेखी मागा. व्हिसा माणशी ५० डॉलर. ऑक्टोबर २०२४ पासून झांझिबारचा सक्तीचा विमा माणशी ४४ डॉलर. म्नेम्बाला (झांझिबारलगतचं डायव्हिंगचं छोटं बेट) जायची बोट आणि तिथलं शुल्क बहुधा वेगळं असतं. आपल्याकडच्या प्रवास विम्यात स्कुबा अनेकदा वगळलेलं असतं, तेव्हा अपवादांचं पान वाचा; लागला तर डायव्हिंगचा विमा वेगळा घ्या. पॅकेजवर कापलेला टीसीएस (आगाऊ वसूल केलेला आयकर) रिटर्न भरताना वळता करून घ्यायला विसरू नका.

आणि तुम्ही पाठवलेल्या कार्यक्रमात शेवटच्या दिवशी सकाळी डाइव्ह, संध्याकाळी विमान असं छापलंय. सलग काही दिवस डाइव्ह केल्यावर विमानात बसण्याआधी किमान १८ तास जाऊ द्यायचे असतात, बेटांवरची छोटी विमानंही त्यात आली. हे ज्याला ठाऊक नाही त्याला आगाऊ रक्कम देऊ नका. दुसऱ्या दोघांकडून कोटेशन मागवा, आणि शेवटचा दिवस कोरडा ठेवून.