राक्षसांची मारामारी बघून मुलगा मारकुटा होईल का?

‘कार्टूनमध्ये राक्षस एकमेकांना बदडतात आणि आमचा मुलगा तासन्‌तास ते बघत बसतो. तोही तसाच होणार नाही ना?’ पालक हे विचारतात तेव्हा त्यांना ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच ऐकायचं असतं. इतकं सुटसुटीत उत्तर माझ्याकडे नाही, म्हणून अद्वैतबद्दल लिहिते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, घरच्यांची परवानगी घेतली आहे.

अद्वैत १३ वर्षांचा. आई तक्रारी पाठ करूनच आल्या होत्या. दारं आपटतो, उलटून बोलतो, अभ्यासाला बसवलं की तोंड पाडतो. गेल्या आठवड्यात धाकट्या बहिणीला असं ढकललं की तिचं कोपर सोलवटलं. या सगळ्याचं मूळ त्यांच्या मते एकच, ‘ते डिजिमॉन’ नावाचं कार्टून. बंदी घालून झाली होती. बंदीनंतर तो रात्री पांघरुणात फोन घेऊन बघायला लागला, म्हणजे झोपही गेली आणि विश्वासही.

पुरावा म्हणून त्यांनी गणिताची वही आणली होती. मागच्या पानांवर पेन्सिलीने एकच प्राणी पुन्हा पुन्हा काढलेला. हाडांचा नुसता सापळा उरलेला डायनोसॉर, पाठीवर क्षेपणास्त्र. एका पानावर पेन्सिल इतकी दाबली होती की कागद फाटला होता. “मॅडम, असलं काही ज्याच्या डोक्यात येतं ते मूल ठीक असतं का?” आईंचा आवाज कापत होता.

चित्रात हाडं दिसली म्हणून मी कुणाच्या मनाचं निदान करत नाही. चित्र ज्याने काढलं त्याला विचारते.

तो एकटा आत आला तेव्हा पहिली काही मिनिटं नेहमीसारखीच गेली. शाळा कशी? बरी. मित्र? आहेत. मग मी वही उघडून विचारलं, “हा कोण?” त्याने मान वर केली. “तुम्हाला माहीत नाही?” “नाही रे. आणि याची हाडं का दिसतायत?” त्यानंतर मला फारसं बोलावंच लागलं नाही.

ज्यांनी ही मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ‘डिजिमॉन ॲडव्हेंचर’ ही जपानी मालिका. तोएई ॲनिमेशनने ती केली आणि मार्च १९९९ ते मार्च २००० या काळात ती फुजी टीव्हीवर दाखवली गेली. एकूण ५४ भाग. उन्हाळी शिबिराला गेलेली शाळकरी मुलं एका डिजिटल जगात जाऊन पडतात आणि तिथे प्रत्येकाला एक छोटा राक्षस सोबती मिळतो. संकट आलं की तो सोबती रूप बदलून मोठा आणि ताकदवान होतो, लढाई संपली की पुन्हा लहान. मुळात हे बांदाई कंपनीचं १९९७ मधलं खेळणं होतं, तामागोचीचं, म्हणजे छोट्या पडद्यावर पाळायच्या प्राण्याच्या खेळण्याचं, लढणारं भावंडच म्हणा ना. पडद्यावरच्या पिल्लाला खाऊ घालायचं, त्याची घाण काढायची, त्याला सराव द्यायचा. तुम्ही त्याला कसं वाढवता त्यावर ते पुढे काय होणार हे ठरायचं. हेळसांड झाली तर त्यातून नुमेमॉन नावाचं गिळगिळीत, कुचकामी काहीतरी निघायचं. मला हे कळलं तेव्हा गंमत वाटली. ज्या मालिकेला आपण मारामारीची म्हणतो तिचा पाया सांभाळण्यावर घातलेला आहे.

तर अद्वैतने सांगितलेली गोष्ट अशी. ताइची हा त्या मुलांमधला म्होरक्या. त्याचा सोबती अगुमॉन, तो मोठा झाला की ग्रेमॉन होतो. पण आता शत्रू जास्त बलवान आहेत आणि ग्रेमॉन होऊन भागणार नाही. त्याच्याही पुढची पायरी गाठायला हवी. ती गाठायला लागणारं चिन्ह ताइचीला सगळ्यांत आधी मिळतं, म्हणून सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर. मग तो अगुमॉनला खायला घालत सुटतो. “अजून खा, अजून खा. त्याचं पोट भरलंय, त्याला जात नाहीये, तरी खा,” अद्वैत म्हणाला. एका मोठ्या मैदानात लढाई होते, खाऊन जड झालेल्या ग्रेमॉनला हलताही येत नाही. तेव्हा ताइची मुद्दाम शत्रूच्या पुढ्यात धावत जातो. मी संकटात सापडलो की हा आपोआप मोठा होईल, हा त्याचा हिशोब. ग्रेमॉन बदलतो, पण भलताच होतो. तोच वहीतला सापळा, स्कलग्रेमॉन. मग तो शत्रूलाही मारतो आणि आपल्या माणसांवरही धावून जातो. त्याला कुणीच ओळखू येत नाही.

“आणि मग?” मी विचारलं.

“मग त्याची ताकद संपते. एकदम छोटा होतो, कोरोमॉन. नुसतं डोकं असतं, हात पाय पण नाहीत.” तो थोडा थांबला. “आणि तो सॉरी म्हणतो. मला जमलं नाही म्हणून. त्याने का म्हणायचं सॉरी?”

मी लगेच काही बोलले नाही. तेरा वर्षांच्या मुलाने इतकं नेमकं बोलून ठेवल्यावर मोठ्यांनी त्यात आपली अक्कल घालू नये, असं माझं मत आहे. बऱ्याच वेळाने फक्त एवढं विचारलं, “तुला कोण म्हणतं, अजून खा?” तो हसला. “बाबा. पण खा नाही म्हणत. अजून एक पेपर सोडव म्हणतात.”

हे ऐकून वडिलांना खलनायक ठरवायची घाई करू नका. अद्वैतला दोन ठिकाणी क्लास होते आणि दर रविवारी चाचणी. वडील त्याच्यावर कधी हात उगारत नव्हते, फारसे ओरडतही नव्हते. रोज त्याच्यासोबत बसायचे, स्वतः प्रश्नपत्रिका छापून आणायचे. दोन मार्क वाढले की म्हणायचे, “बघ, जमतंय. आता अजून थोडं.” ताइचीसुद्धा अगुमॉनचा छळ करत नव्हता, त्याच्यावर जीवच लावत होता.

आता बहिणीला ढकलण्याबद्दल. चित्राचा अर्थ लागला म्हणून ती गोष्ट माफ होत नाही. अद्वैतला मी सरळ विचारलं, त्यानेही सरळ कबूल केलं. आईंना सांगितलं की काही दिवस एक साधी नोंद ठेवा. त्याचा भडका उडाला की वेळ लिहायची आणि त्याआधीच्या दोन तासांत काय काय झालं तेही लिहायचं. कार्टून बघितलं असेल तर तेसुद्धा, काही लपवायचं नाही. पुढच्या भेटीत आईंनी कागद दिला तो जरा नाराजीनेच. बहुतेक भडके शनिवारी रात्री, म्हणजे चाचणीच्या आदल्या दिवशी, किंवा मार्क कळल्यावर. निवांत बसून भाग पाहिल्यानंतर एकही नाही. दोनदा मात्र कार्टूनवरूनच ठिणगी पडली होती आणि दोन्ही वेळा भाग ऐन मध्यात असताना कुणीतरी टीव्ही बंद केला होता. यावरचा तोडगा सोपा आहे. एक भाग वीस-बावीस मिनिटांचा असतो, त्यामुळे मर्यादा घड्याळाने न घालता भागांच्या हिशोबाने घाला. ‘साडेआठला बंद’ यावरून वाद होतो, ‘आज एक भाग’ यावरून सहसा होत नाही.

मग ते ‘बघून बघून मुलं हिंसक होतात’ हे कुठून आलं? त्यात तथ्य नाही असं नाही. अल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात प्रयोग केला. मोठा माणूस हवा भरलेल्या बाहुलीला बदडताना बालवाडीतल्या मुलांनी पाहिला आणि मग त्यांनीही तिला तसंच बदडलं. १९६३ मध्ये त्याने चित्रफीत आणि कार्टूनमधल्या मांजरीचा वेश केलेला माणूस वापरूनही हाच प्रकार तपासला आणि तेव्हाही मुलांनी नक्कल केली. पण ती बाहुली ठोसे मारण्यासाठीच बनवलेली होती आणि नक्कल पाहिली गेली ती थोड्याच वेळाने. सहा वर्षांचा मुलगा कार्टूनमधली लाथ घरात मारून बघेल, हे अगदी शक्य आहे. लाथ तिथल्या तिथे थांबवायची. तेवढ्यावरून तो मोठेपणी गुंड होईल असा निष्कर्ष त्या प्रयोगातून निघत नाही. आणि अद्वैत सहा वर्षांचा नव्हता.

पांघरुणातलं बघणं मात्र मी पहिल्याच दिवशी बंद करायला सांगितलं. मुख्य कारण झोप. दुसरं कारण, अंधारात डोळ्यांजवळ धरलेला लखलखता पडदा. १६ डिसेंबर १९९७ ला जपानमध्ये पोकेमॉनच्या एका भागात लाल-निळा प्रकाश वेगाने चमकत राहिला आणि सुमारे ६८५ जणांना, बहुतेक मुलांनाच, फेफऱ्यासारख्या त्रासाने रुग्णालयात न्यावं लागलं. त्यानंतर तिथल्या वाहिन्यांनी अशा दृश्यांसाठी नियम केले आणि ‘खोलीत दिवा लावून, लांब बसून बघा’ ही सूचना देऊ लागल्या. ही सूचना कोणत्याही घरात पाळण्यासारखी आहे. ज्या मुलाला कधी फिट आली असेल त्याच्या बाबतीत डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

वडिलांना मी एकच काम दिलं. मुलासोबत बसून तो स्कलग्रेमॉनचा भाग पूर्ण बघायचा, मधे फोन नाही आणि शेवटी तात्पर्य काढायचं नाही. ते चकितच झाले. “मी कार्टून बघू?” बघितलं त्यांनी. पहिल्या दहा मिनिटांत कोण कोणाचा सोबती यात त्यांचा इतका गोंधळ झाला की अद्वैतने वैतागून भाग थांबवला आणि कागदावर तक्ता काढून दिला. संपल्यावर दोघंही काही वेळ गप्प होते. मग वडील म्हणाले, “म्हणजे मी तो ताइची का रे?” अद्वैत म्हणाला, “नाही बाबा. तू एटेमॉन.” एटेमॉन म्हणजे काळा चष्मा घालून, माईक घेऊन, बेसूर गात फिरणारं माकड. त्या टप्प्यातला मुख्य खलनायक. हे मला सांगताना वडिलांना हसू आवरत नव्हतं. वडिलांना माकड म्हणण्याइतका मोकळेपणा घरात आला, ही माझ्या दृष्टीने सगळ्यांत मोठी प्रगती.

पुढे काय झालं? दोन क्लासपैकी एक बंद झाला. पुढच्या चाचणीत मार्क थोडे घसरले आणि वडील अस्वस्थ झाले, अजूनही होतात. आम्ही त्यावर बोलतो आहोत. बहिणीशी भांडणं होतात, भावंडांची व्हायची तेवढी. ढकलाढकली पुन्हा झालेली नाही. त्याच मालिकेत चार भागांनंतर अगुमॉन नीटपणे मेटलग्रेमॉन होतो, हे अद्वैतने वडिलांना मुद्दाम दाखवलं.

प्रत्येक मुलाची गोष्ट अशीच निघेल असं मात्र समजू नका. मूल प्राण्यांना इजा करत असेल, स्वतःला दुखापत करण्याबद्दल बोलत असेल, खेळ, मित्र, जेवण सगळं सोडून फक्त पडद्यालाच चिकटून असेल, तर कार्टूनवर चर्चा करत न बसता तज्ज्ञाला दाखवा. वयाचंही भान ठेवा. ‘कार्टून’ म्हटलं की सगळं लहानांसाठी, हा गैरसमज आहे.

हे मी आईंनाही सांगितलं, कारण अद्वैत आता ‘डिजिमॉन टेमर्स’कडे वळला आहे. २००१-०२ ची, टोकियोच्या शिंजुकू भागात घडणारी ही ५१ भागांची मालिका बरीच गडद आहे. तिच्या ३४ व्या भागात लिओमॉन मारला जातो (जपानी शीर्षकातच तसं सांगून टाकलंय!) आणि तो परत येत नाही. त्याची सोबतीण जुरी, जिची आई आधीच गेलेली आहे, पुढचे कित्येक भाग आतून मिटून जाते. आठ वर्षांच्या मुलाला मी हे एकट्याने बघू देणार नाही. तेरा वर्षांच्याला देईन, पण शेजारी कुणीतरी असावं. आईंनी भागाचा क्रमांक लिहून घेतला आणि विचारलं, “तो रडला तर काय म्हणू?” मी म्हटलं, “‘अरे, नुसतं कार्टून आहे’ एवढं सोडून काहीही म्हणा. सुचलं नाही तर जुरीबद्दल विचारा, तो सांगेल.”