मध्यरात्री दोन तास जागणारी लेक

प्रश्न: माझी मुलगी नऊ महिन्यांची आहे. ती रात्री आठला झोपते, पण दीडच्या सुमारास उठते आणि साडेतीनपर्यंत टक्क जागी असते. रडत नाही, हसते, खेळते. सकाळी सातला उठते, दहाच्या आसपास तासभर झोपते आणि दुपारी आजीजवळ दीड ते चार. सासूबाई म्हणतात, दूध पुरत नाही. शेजारच्या काकू म्हणतात, जायफळ उगाळून दे. यजमान तिला पडवीत नेऊन मोबाईलवर गाणी दाखवतात. मला सकाळी कामावर जायचे असते. परवा मी तिच्यावर ओरडले आणि नंतर स्वतःच रडत बसले. माझे काय चुकते?
– एक आई, डिचोली

उत्तर: सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातील सर्वांत मोलाचे वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात: ती रडत नाही, हसते, खेळते. भुकेलेले मूल कुरकुरते आणि पाजले की पुन्हा पेंगते. दुखत-खुपत असलेले मूल कळवळते. जे मूल दोन दोन तास आनंदात जागते, त्याची झोप बहुधा तेवढ्यापुरती पुरी झालेली असते. म्हणून दूध पुरत नाही हे बोलणे मनाला लावून घेऊ नका. तिचे वजन नीट वाढत असेल, तर त्यात तथ्य नाही.

तुम्ही दिलेल्या वेळांची बेरीज करून पाहू. रात्रीचे जागरण वगळता नऊ तास, सकाळचा एक आणि दुपारचे अडीच, म्हणजे साडेबारा तास. चार ते अकरा महिन्यांच्या मुलांना चोवीस तासांत सर्वसाधारणपणे 12 ते 16 तास झोप लागते, तेव्हा तुमच्या लेकीची झोप कमी नाही. मात्र घरातील सर्वांनी मिळून तिच्यासाठी साडेचौदा तासांचे अंथरूण घातले आहे, आणि जे दोन तास उरतात ते ती रात्री खेळून काढते.

ते नेमके मध्यरात्रीच का उरतात, हेही समजून घ्या. झोपेला दोन गोष्टी ओढत असतात. जागेपणी साठत जाणारा शीण ही एक, आणि शरीराचे घड्याळ ही दुसरी. शिणाचा बराचसा भार रात्रीच्या पहिल्या काही तासांतील गाढ झोपेत उतरतो, तर घड्याळाची ओढ पहाटेच्या सुमारास सर्वांत प्रबळ होते. एरवीही मुलांची झोप तासाभराच्या अंतराने हलकी होतच असते. पण दुपारी भरपूर झोपलेल्या आणि लवकर निजवलेल्या मुलाचा शीण एक-दीड वाजता संपलेला असतो आणि पहाट अजून दूर असते, त्यामुळे त्या वेळी डोळे उघडले की ते पुन्हा लवकर मिटत नाहीत.

आपल्या गोव्यात दुपारी दुकानांची दारे लागतात, घरे निजतात आणि मूलही आजीच्या कुशीत चारपर्यंत झोपते. ही सवय मला मनापासून प्रिय आहे, आणि झोपलेल्या मुलाला उठवू नये ही सासूबाईंची भावनाही मायेची आहे. तरीही काही दिवस त्यांना विनंती करून तिला तीनच्या सुमारास हलकेच उठवायला सांगा. सकाळची झोप पाऊण तासावर आणा. रात्री निजवण्याची वेळ दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटांनी पुढे नेत पावणेनऊ-नऊपर्यंत आणा. सकाळी मात्र, रात्र कशीही गेली असली तरी, सातला खिडकी उघडून तिला उजेडात घ्या. ही ठरलेली सकाळच तिचे घड्याळ लावते. फरक दिसायला आठवडा-दोन आठवडे लागतील, तोवर धीर सोडू नका.

तोपर्यंत ती रात्री उठली, तर खोलीत झिरोचा दिवा पुरे. हवे असल्यास पाजा, लंगोट पाहा, वीज गेली असेल तर वारा घाला, पण खेळ आणि गप्पा नकोत. यजमानांना माझा निरोप सांगा की मोबाईल आणि पडवी रात्रीपुरती बंद. ते मायेने करतात, पण त्या उजेडाने आणि गमतीने दीड वाजता उठण्याची तिला गोडी लागते. त्यांनी एक रात्र आड तिच्याजवळ जागावे आणि त्या रात्री तुम्ही झोपावे. त्या दिवशी ओरडलात ते शिणामुळे, आणि लेक त्याने दुरावत नाही. पण रडू वारंवार येत असेल, कशातच मन लागत नसेल, तर ते डॉक्टरांना अवश्य सांगा.

काकूंचे जायफळ मात्र झोपेसाठी देऊ नका. ते फोंड्याच्या कुळागरातले असो वा बाजारातले, मात्रा वाढली तर ते विषारी ठरते, आणि एवढ्याशा जिवाला किती म्हणजे जास्त, हे सहाणेवर मोजता येत नाही. ते मधातून चाटवण्याची पद्धत असेल, तर वर्षाच्या आतील मुलाला मध मुळीच द्यायचा नसतो, हेही घरात सांगून ठेवा.

ती झोपेत घोरत असेल, तोंडाने श्वास घेत असेल, श्वास मध्येच थांबल्यासारखा वाटत असेल, ताप असून सारखी कान ओढत असेल किंवा वजन अडले असेल, तर वेळांची ही फेरफार बाजूला ठेवून आधी बालरोगतज्ज्ञांकडे जा. यांपैकी काही नसले, तरी नऊ महिन्यांच्या गोवर-रुबेलाच्या लसीसाठी जाल तेव्हा तिच्या झोपेच्या आठवडाभराच्या वेळा कागदावर लिहून न्या, आणि ती रात्रभर पाय झाडत असेल तर तेही सांगा, कारण लोह कमी असल्यानेही झोप अस्वस्थ होते आणि ते रक्त तपासून कळते.