कमी उजेडाच्या मत्स्यालयातील वनस्पती

प्रश्न : आमच्या ६० लिटरच्या टाकीवर एकच साधा एलईडी दिवा आहे. तळाच्या वाळूत अनुबियस आणि क्रिप्टोकोरिन लावल्या होत्या. अनुबियस बुडाशी कुजू लागली, तर क्रिप्टोकोरिनची सगळी पाने विरघळली. दिवा रोज १२ तास चालू ठेवून पाहिला, तेव्हा पानांवर शेवाळ धरले. आता कार्बन डायऑक्साइडचा संच घ्यावा का?

उत्तर : संच घेऊ नये. या संथ वाढणाऱ्या वनस्पतींना मासे आणि सूक्ष्मजीव यांच्या श्वसनातून मिळणारा कार्बन डायऑक्साइड पुरतो.

अनुबियसची पाने आणि मुळे ज्या जाड, आडव्या खोडातून फुटतात, ते वाळूत पुरले की कुजते. आपल्याकडे बहुधा हेच घडले असावे. रोप उपटून खोड बोटाने दाबून पाहावे. जेथे ते मऊ लागते आणि दुर्गंधी येते, तो भाग धारदार पात्याने टणक, हिरवा गाभा दिसेपर्यंत कापून टाकावा. दोन-तीन पाने असलेला तुकडाही जगतो. तो सुती दोऱ्याने दगडावर किंवा लाकडावर बांधावा, म्हणजे दोरा कुजेपर्यंत मुळे स्वतःच पकड घेतात.

क्रिप्टोकोरिन मात्र मेलेली नसण्याचीच शक्यता अधिक. रोपवाटिकांत ती बहुधा पाण्याबाहेर वाढवतात, त्यामुळे टाकीत आल्यावर जुनी पाने गळतात आणि पाण्याला सरावलेली नवी पाने काही आठवड्यांत येतात. मुळे पांढरी व घट्ट असतील, तर रोपाची जागा अजिबात बदलू नये. (उत्सुकतेपोटी ते उपटून पाहण्याचा मोह फार होतो, आणि तोच त्याला भोवतो.) ही वनस्पती मुख्यतः मुळांतून पोषण घेत असल्याने खताची गोळी मुळाजवळ वाळूत खोचावी.

दिवा ६ ते ८ तासच ठेवावा. त्यासाठी टायमर उत्तम. अनुबियसचे एकेक पान कित्येक महिने टिकते, आणि जास्तीचा उजेड त्याच्या उपयोगी न पडता त्यावरील शेवाळालाच पोसतो. म्हणून तिला सावलीचा कोपरा द्यावा.

आणखी एखादी वनस्पती हवी असल्यास जावा फर्न आणावे आणि तेही असेच बांधावे. त्याच्या पानामागे ओळीने उमटणारे तपकिरी ठिपके रोगाचे नसून बीजाणूंचे असतात, तेव्हा ती पाने कापू नयेत. जुन्या पानांवर फुटलेल्या इवल्या रोपांना मुळे आली की ती अलगद खुडून दुसऱ्या दगडावर बांधता येतात.