मूळ शोधताय? आधी आजीला गाठा

भाऊ, खानदेशातलं मूळ शोधायचं तर डीएनए टेस्टचं नंतर बघ, आधी घरातली म्हातारी माणसं गाठ. माझी आजी दिवसभर अहिराणी बोलायची पण पाळणा म्हणायची गुजरीत, तिथूनच कळलं की तिचं माहेर शहाद्याकडच्या गुजरांचं. आडनावावर जाऊ नको, एकच आडनाव चार समाजांत सापडतं. त्र्यंबकच्या उपाध्यायांकडं घराण्यांच्या वंशावळीची वही असते, तिथं मूळ गाव सांगावं लागतं, पण बायकांची माहेरं फारशी मिळत नाहीत (आणि समाजांची खरी सरमिसळ तिथंच असते ना!). जुने कागद मोडी लिपीत असतील तर वाचणारा शोध, आणि १९०६ च्या आधी जळगाव, धुळे, नंदुरबार सगळा एकच खानदेश जिल्हा होता, म्हणून जुन्या कागदांवर जळगाव जिल्हा शोधत बसू नको.