बेडकाने जेवण सोडलंय, काय करू?

प्रश्न: आमचा पॅकमॅन बेडूक (घरात पाळतात तो गोलमटोल, मोठ्या तोंडाचा) आठवडाभर रातकिड्याकडे बघतही नाहीये, नुसता मातीत रुतून बसलाय. आजारी असेल का? – एक वाचक, नेरूळ

उत्तर: आधी सांगा, टाकी एसीच्या खोलीत आहे का? बेडकाचं अंग आजूबाजूच्या हवेच्या तापमानावर चालतं, २० डिग्रीला पचन मंदावतं नि भूकच मरते, टाकी २५-२८ वर ठेवून बघा, बरेचदा तेवढ्यानेच गडी परत तोंड उघडतो. मोठा गुबगुबीत असेल तर दोनेक आठवडे उपाशी चालतो, पिल्लू मात्र चार-पाच दिवसांतच दाखवा. पोट टम्म फुगलं, मांड्या वाळल्या किंवा पोटाखाली लाल दिसलं तर वाट न बघता डॉक्टर गाठा, कुत्र्या-मांजरांचे नाही हं, बेडूक-कासवं बघणारे. आणि नळाचं पाणी थेट ओतू नका, क्लोरीन कातडीतून आत जातं.