हॉस्पिटलचा प्लॉट आणि मुलीची वही

सांगोला तालुक्यातून एका वडिलांचं पत्र आलंय. ते स्वतः शिक्षक आहेत. मुलीने मेडिकल प्रवेशाची 'नीट' परीक्षा दोनदा दिली, पहिल्यांदा ७२० पैकी ३३८ आणि दुसऱ्यांदा ४०२. आता तिला तिसऱ्यांदा लातूरला ठेवायचंय, तर क्लास कोणता बघू, असा त्यांचा प्रश्न आहे. मधल्या काळात मुलीच्या आतेबहिणीचं वाकलेल्या मणक्याचं ऑपरेशन पुण्यात झालं आणि ही तिच्या सोबतीला राहिली. बहिणीच्या डोक्यावर केसांत तिला बारीक लाल ठिपके दिसले. हे कसले, असं विचारत ती ऑपरेशनमधल्या एका तंत्रज्ञापर्यंत पोचली. ऑपरेशन चालू असताना मेंदूला विजेचे झटके देऊन हातापायांच्या स्नायूंचा प्रतिसाद नोंदवायचा, हे त्याचं काम. आता ती म्हणते, मला हेच करायचंय. वडील लिहितात, "डॉक्टर व्हायचं सोडून ही वायरी चिकटवायला निघालीय. तुम्हीच समजावा."

सर, नमस्कार.

क्लासचं नाव मी सांगणार नाही. तुमच्या चार पानी पत्रात एसटी स्टँडमागच्या पाच गुंठ्यांच्या प्लॉटचा उल्लेख तीनदा आलाय. हॉस्पिटलसाठी घेतला, कंपाउंड घातलं, बोअरला पाणी चांगलं लागलं. मुलीचं नाव मात्र एकदाही नाही. प्लॉट घेतला तेव्हा ती सातवीत होती, असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे सहा-सात वर्षं ही पोर रोज त्या कंपाउंडवरून शाळा-कॉलेजला जातेय आणि आतलं हॉस्पिटल आपल्याला उभं करायचंय हे ऐकतेय. ४०२ मार्कांकडे माझं लक्ष नंतर गेलं, आधी मी इथेच अडकले. बाप म्हणून तुम्ही पोटाला चिमटा काढून पैसे घातलेत, हे मला दिसतं. पण प्लॉट विकता येतो. तिची एकोणीस ते बावीस ही वर्षं परत विकत मिळत नाहीत.

आणि शेवटच्या पानावर तुम्ही लिहिता, "या वेळी नाही झालं तर मग स्थळं बघायला मोकळे." हे वाचून मी पत्र बाजूला ठेवलं. सर, तुमच्या वर्गातल्या एखाद्या मुलीच्या वडिलांनी तुमच्यासमोर असं म्हटलं असतं, तर तुम्ही त्यांना खुर्ची देऊन तासभर समजावलं असतं. घरात मात्र तेच वाक्य तुम्ही तिच्या पाठीमागे उभं केलंय. अशा धाकात बसून फिजिक्सची गणितं सुटत नाहीत. दोन्ही वेळा पेपरच्या आदल्या रात्री तिला उलट्या झाल्या, हे तुम्ही कंसात, जाता जाता लिहिलंय. त्याला कंसात जागा नाही. तिसऱ्या वर्षाचा विचार करण्याआधी तिला डॉक्टरांकडे न्या आणि समुपदेशकाशी एकटीला बोलू द्या.

तुमची एक तक्रार मला सगळ्या पत्रात सगळ्यात आशेची वाटली. "अभ्यास सोडून वहीत मेंदू, मणका, पाय अशी चित्रं काढत बसते." पुण्याहून परत येऊन तीन महिने झाले, तरी ती ती चित्रं काढतेय, कुणी सांगितलेलं नसताना!

आता वायरी चिकटवण्याबद्दल. हा गैरसमज तुमच्या एकट्याचा नाही, मोठ्या हॉस्पिटलांतही तो सापडतो, म्हणून सविस्तर लिहिते. तुमच्या भाचीच्या डोक्यावर जे ठिपके होते, ते पिळाच्या स्क्रूसारख्या बारीक सुयांचे. भूल दिल्यावर त्या टाळूच्या कातडीत फिरवून बसवतात, मेंदूचा हालचालींचा पट्टा जिथे आहे त्याच्या वर. हाताच्या अंगठ्याच्या मुळाशी, नडगीवर, तळपायाच्या आतल्या कडेला स्नायूंमध्ये वेगळ्या सुया असतात. दातांत गॉजच्या गुंडाळ्या, कारण करंट गेला की जबडा आवळतो आणि जीभ चावली जाते. मग काहीशे व्होल्टचे चार-पाच झटके, एकेकात दोन-चार सहस्रांश सेकंदांचं अंतर. मेंदूतून निघालेला आदेश मेंदूच्या तळाशी, लंबमज्जेपाशी बाजू बदलतो, मज्जारज्जूतून खाली उतरतो आणि साधारण २० सहस्रांश सेकंदांत हाताच्या स्नायूत लाट उठते. पायात थोडी उशिरा. रुग्ण गाढ झोपेत असतो, पण त्याची वाट शाबूत आहे हे पडद्यावर दिसत राहतं.

आता सर्जन सळ्या घालून मणका सरळ करायला लागला आणि डाव्या पायाची लाट सपाट झाली, असं समजा. पडद्यासमोर बसलेल्या तंत्रज्ञाने काय करायचं? रक्तदाब उतरलाय का? भूलतज्ज्ञांनी आत्ताच औषध वाढवलं का? स्नायू ढिले करणारं औषध गेलं का? नडगीतली सुई निसटली का? चारही हातपायांच्या लाटा एकदम बसल्या असतील तर भुलीवर किंवा रक्तदाबावर संशय जातो. दोन्ही हात आणि उजवा पाय ठणठणीत, सुई जागेवर आणि फक्त डावा पाय गप्प असेल, तर मज्जारज्जूवर ताण आलेला असू शकतो. हे सगळं मिनिटभरात ताडून पाहून, भरल्या थिएटरमध्ये, वयाने आणि पदाने मोठ्या सर्जनला स्वच्छ आवाजात सांगायचं: "सर, डाव्या पायाचा प्रतिसाद गेलाय." मग सर्जन ताण सोडतो, रक्तदाब वाढवला जातो, आणि बऱ्याचदा लाट परत येते. निर्णय सर्जनचाच. पण बोलायला पाच मिनिटं उशीर झाला तर ते मूल उठल्यावर पाय हलवेल की नाही, हा प्रश्न उरतो. १९७३ साली फ्रान्समध्ये स्टान्यारा आणि सहकाऱ्यांनी यावर दिलेला उपाय असा होता, की रुग्णाला ऑपरेशनच्या मध्येच जागं करायचं आणि 'पाय हलव' म्हणायचं. १९८० मध्ये मर्टन आणि मॉर्टन यांनी कवटी न उघडता बाहेरून मेंदूला उत्तेजन देऊन दाखवलं. पण भुलीत एक झटका पुरत नव्हता. १९९३ मध्ये तानिगुची आणि सहकाऱ्यांनी झटक्यांची छोटी माळ देण्याची पद्धत मांडली आणि भुलीतही स्नायूंचा प्रतिसाद नीट मिळू लागला. या कामाला वायरी चिकटवणं म्हणू नका, सर. निदान तिच्यासमोर तरी.

आता तिच्याशी बोलते. तुझे विषयवार मार्क वडिलांनी पाठवलेत. बायोलॉजी २४८, केमिस्ट्री ९८, फिजिक्स ५६. फिजिक्सपासून सुटका म्हणून इकडे येत असशील तर येऊ नकोस. इथे ते रोज समोर बसणार आहे. कॉटरी, म्हणजे विजेने रक्तस्राव थांबवायचं उपकरण, चालू झाली की पडदा गोंधळाने भरतो. ऑपरेशनच्या टेबलाची मोटर ५० हर्ट्झची गुणगुण सोडते आणि खरी लाट त्यात बुडते. रोध किती, फिल्टर कुठे, अर्थिंग कुठे सुटलंय, हे तुलाच शोधायचं असतं. ज्या फिजिक्सची तू पेपरात धास्ती घेतलीस, ते तुला माणसाच्या पायाशी जोडलेलं दिसलं तर कदाचित आवडेलही. ते आत्ताच तपासून घे. अकरावी-बारावीची विद्युतधारा आणि तरंग ही प्रकरणं काढ आणि महिनाभर परीक्षेविना वाच. कंटाळा आला तर मला खरं कळव.

आणखी दोन गोष्टी कुणी सांगणार नाही म्हणून मी सांगते. हे काम मेंदू-मणक्याची मोठी ऑपरेशनं होतात तिथेच असतं, म्हणजे पुणे, मुंबई, नागपूर अशा शहरांत. सांगोल्यात राहून ते होणार नाही. आणि दहा तास चाललेल्या ऑपरेशनमध्ये नऊ तास काहीच घडत नाही. त्या नऊ तासांत डोळे पडद्यावरून हलू न देणं हाच कामाचा मोठा भाग आहे.

रस्ता सरळसोट नाही. तुझ्या हातातल्या नीटच्या गुणांवर महाराष्ट्रात फिजिओथेरपीला अर्ज करता येतो, आणि तिथून या कामाकडे वळलेले बरेच जण आहेत. दुसरं म्हणजे फिजिक्स घेऊन बीएस्सी आणि मग न्यूरोटेक्नॉलॉजीचं प्रशिक्षण. त्रिवेंद्रमचं श्री चित्रा आणि बंगळुरूचं निम्हान्स या वैद्यकीय संस्थांत असे अभ्यासक्रम आहेत. जागा मोजक्या असतात, म्हणून पात्रता त्या वर्षीच्या माहितीपत्रकातूनच वाच, कुणाच्या सांगण्यावरून नको. पुढे अमेरिकेतल्या अ‍ॅब्रेट संस्थेची सीएनआयएम ही याच कामाची प्रमाणपत्र परीक्षा भारतातले तंत्रज्ञही देतात. २०२१ च्या कायद्याने आपल्याकडे या सहआरोग्य व्यवसायांना वेगळी ओळखही दिलीय. आणि एमबीबीएसच करायची तुझी स्वतःची इच्छा अजून असेल, तर तेही मोकळेपणाने सांग. न्यूरोलॉजी किंवा भूलशास्त्रातूनही याच पडद्यापाशी येता येतं. फक्त ती इच्छा प्लॉटची आहे की तुझी, हे तूच ठरवायचं.

एखादा क्लास लावण्याआधी त्या पुण्याच्या तंत्रज्ञाला फोन कर आणि विचार: पहिल्या वर्षी पगार किती मिळाला, रात्री-अपरात्री किती वेळा बोलावतात, आणि लाट गेली असं सांगूनही सर्जनने ऐकलं नाही तर तो काय करतो. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लिहून ठेव.

सर, स्थळांचं ते वाक्य तिच्यासमोर मागे घ्या, हे पत्र वाचलंत त्याच दिवशी. पुढचं पत्र तिला स्वतःला लिहू द्या, न वाचता पाकीट बंद करा, आणि सोबत त्या वहीतली दोन-चार पानं पाठवायला सांगा. मेंदूकडून निघालेली वाट बाजू कुठे बदलते, हे तिने चित्रात कुठे दाखवलंय ते मला बघायचंय.